परसबागेचा वैशाख: धाराशिव जिल्ह्यातील घरगुती भाजीपाल्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

घराच्या मागील दारी, न्हाणीच्या सांडपाण्यावर, अंगणाच्या कडेला किंवा गच्चीवरील कुंड्यांत घरच्या खाण्यापुरता पिकवला जाणारा भाजीपाला शेतीशास्त्राच्या ग्रंथांत बहुधा शेवटच्या पुरवणी प्रकरणात येतो, तर बागकामाच्या पुस्तकांत तो हौस म्हणून येतो, आणि या दोन्ही ठिकाणी त्याचे खरे स्वरूप निसटते. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आहे, जमिनीचा मोठा भाग हलका आहे आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच विवंचना असते, तेथे घरातील पाणी, घरातील माणसांचा वेळ आणि घरातील अन्न यांची वाटणी कशी करावी, हा प्रश्न परसबागेच्या मुळाशी असतो. या लागवडीतील चढउतार लागवड करणाऱ्याच्या कौशल्याने कमी-अधिक होतात हे खरे असले, तरी त्यांचे मूळ वर्षाच्या ऋतुचक्रात आहे. म्हणून परसबागेची आखणी तिच्या बहराच्या महिन्यांवरून न करता तिच्या पडत्या महिन्यांवरून करावी, हे प्रस्तुत अभ्यासाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांचा हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे ढगांनी आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकल्यानंतरच्या कोरड्या पट्ट्यात तो येत असल्याने येथील वर्षाचे सरासरी पर्जन्यमान 700 ते 800 मिलिमीटरच्या आसपास राहते. परंतु भाजीपाल्याच्या दृष्टीने सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की मृगात आलेला पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये अनेकदा दोन-तीन आठवडे दडी मारतो आणि सप्टेंबरात काही दिवसांतच भरभरून कोसळतो. मांजरा, तेरणा आणि सीना यांच्या काठची जमीन खोल व काळी आहे, बालाघाटच्या माथ्यावरची मुरमाड व उथळ आहे. पण परसबाग या दोन्ही जमिनींवर क्वचितच असते, कारण ती गावठाणात असते. गावठाणाच्या जागेला जुन्या बोलीत पांढरी म्हणतात, आणि तेथील मातीत पिढ्यान् पिढ्यांची राख, चुना, पडलेल्या भिंतींचा गिलावा व माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, उतरवलेली माती मिसळलेली असते. शेतासाठी दिलेला खतांचा सल्ला परसात जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे पहिले कारण हेच आहे.

ऐतिहासिकदृष्ट्या मराठवाड्यात माळवं, म्हणजे भाजीपाला, दोन वाटांनी घरात येत असे. एक वाट मळ्याची होती. मळा म्हणजे विहीर, मोट आणि पाटाचे पाणी असलेली बागायती जमीन, आणि ती कसणारा माळी समाज बाराही महिने वांगी, मुळा, कांदा, मेथी पिकवून आठवडी बाजारात नेत असे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, यावरून ही बागायती परंपरा या भूभागात किती जुनी आहे याची कल्पना येते. दुसरी वाट कोरडवाहू शेताची होती. खरिपाच्या ज्वारी-तुरीत घरातील स्त्रिया अंबाडी, भेंडी, गवार, चवळी यांच्या एक-दोन ओळी घरापुरत्या पेरीत, रब्बीत करडईचा कोवळा पाला आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी होत असे, आणि तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या न पेरता उगवणाऱ्या भाज्या निंदणीच्या वेळी पदरात गोळा होऊन घरी येत. परसाकडे त्या काळी फार मोठे काम नव्हते. मोरीच्या कडेचा अळू, कुंपणावर चढलेला दोडका किंवा घेवडा, दारचा शेवगा आणि कढीपत्ता एवढ्यावर त्याची जबाबदारी संपत असे.

गेल्या काही दशकांत यांपैकी दुसरी वाट फार अरुंद झाली आहे. सोयाबीन हे जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक झाल्यावर सलग एकाच पिकाच्या शेतात स्त्रियांच्या ओळींना जागा उरली नाही, आणि तणनाशकाच्या फवारणीला तण आणि रानभाजी यांतील भेद कळत नसल्याने निंदणीसोबत येणारी फुकटची भाजीही आटली. ज्या कुटुंबाच्या नावावर पाच एकर जमीन आहे त्या कुटुंबालाही आज मेथीची जुडी बाजारातून विकत घ्यावी लागते, ही स्थिती शेतीप्रधान जिल्ह्याला शोभणारी नाही. परसबागेवर आज जो पोषणाचा एवढा भार टाकला जातो, तो शेताने खाली ठेवलेला भार आहे, आणि हे ओळखल्याखेरीज परसबागेकडून किती अपेक्षा करावी याचे भान राहत नाही.

जिल्ह्याच्या या इतिहासात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारी भूकंप हा एक वेगळाच टप्पा आहे. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे त्यात दगावली, दगड-मातीची घरे कोसळली आणि पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. उमरगा-लोहारा भागातील पुनर्वसित गावांत रस्ते सरळ आखलेले, घरे सुटी आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा अशी रचना आली. जुन्या गावांतील खेटून असलेल्या वाड्यांत जी जागा नव्हती ती येथे मिळाली, पण जागेबरोबर पाणी आले नाही. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत स्त्रियांना सहभागी करून घेण्याच्या कामातून प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था पुढे बचत गट, आरोग्य आणि शेती या विषयांकडे वळली, आणि 2012 पासूनच्या लागोपाठच्या दुष्काळांत तिच्या कामातून एक एकर शेतीची पद्धत आकाराला आली. या पद्धतीत घरातील स्त्री कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घेते, त्यात कमी पाण्यावरची धान्ये, डाळी व भाज्या मिश्र पद्धतीने लावते, शेणखत-गांडूळखतासारखी घरची खते वापरते, आणि आधी घरचे ताट व मग बाजार असा क्रम ठेवते. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या स्त्रियांनी हा विचार गावोगाव नेला, आणि 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पारितोषिकाने या संस्थेचा गौरव झाला. काटेकोर अर्थाने ही परसबाग नव्हे, कारण ती शेतात आहे. तरीही प्रस्तुत विषयाशी तिचे नाते घट्ट आहे, कारण स्त्रियांची हरवलेली ओळ शेतात परत आणण्याचे काम तिने केले, आणि घरच्या भाजीचा प्रश्न हा बियाण्यापेक्षाही निर्णयाच्या अधिकाराचा प्रश्न आहे हे तिने दाखवून दिले.

आता पाण्याचा हिशेब. जमिनीच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी देणे, हे साधे परिमाण लक्षात ठेवले की पुढचा सगळा विचार सोपा होतो. हिवाळ्यात वाढत्या भाजीच्या वाफ्यातून जमिनीतील ओलाव्याचे बाष्पीभवन आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर, तर वैशाखात आठ-नऊ मिलिमीटर पाणी खर्ची पडते असे धरले, तर साधारण दहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशा दहा चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात रोज 40 ते 50 आणि वैशाखात 80 ते 90 लिटर पाणी हवे. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेले प्रमाण दरडोई दररोज 55 लिटर आहे, म्हणजे पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्यातील निम्मे पाणी परसाकडे वळले, तरी पंधरा चौरस मीटरची बाग भर उन्हाळ्यातही जगू शकते. पण टंचाईच्या वर्षी हेच प्रमाण दरडोई 20 लिटरवर आले, तर घरात दिवसाला शंभर लिटर पाणी येते, त्यातले पन्नास लिटर मोरीतून बाहेर पडले असे मानले तरी जेमतेम सहा चौरस मीटर जागा हिरवी राहते. जूनमध्ये उत्साहाने आखलेली अर्ध्या गुंठ्याची, म्हणजे सुमारे पन्नास चौरस मीटरची बाग चैत्रात करपून जाते तेव्हा त्याचा दोष लावणाऱ्याच्या आळसाला दिला जातो. वास्तविक ती बाग पहिल्या दिवसापासूनच उन्हाळ्याच्या पाण्याबाहेर आखलेली असते.

छतावरच्या पावसाचाही असाच हिशेब मांडता येतो. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर 700 मिलिमीटर पावसात चौदा हजार लिटर पाणी पडते, आणि पंचमांश वाया गेले तरी अकरा हजार लिटर हाती यावे. परंतु एवढे पाणी साठवणारी टाकी सामान्य कुटुंबाला परवडत नाही, आणि हजार लिटरच्या टाकीवर उन्हाळा काढण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. ही लहान टाकी खरी उपयोगी पडते ती श्रावणातील खंडात. अशा पत्र्यावर साठ-पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की ती भरते, आणि दहा चौरस मीटरच्या वाफ्याला रोज 45 लिटर दिले तर बावीस दिवस, म्हणजे पावसाने दडी मारलेला जवळजवळ सगळा काळ, पुरते. उन्हाळ्यासाठी वेगळा उपाय हवा, आणि तो साठवणीत नसून काटकसरीत आहे: वाफ्यावर पालापाचोळ्याचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे जाड आच्छादन घालणे, दुपारच्या उन्हासाठी तुराट्यांचा मांडव करणे आणि वेलांच्या आळ्यात मडके पुरणे. मडके सिंचन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जुन्या पद्धतीत न झिलई दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरतात व वर झाकण ठेवतात. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी मुळांना लागेल तसे झिरपते आणि जमिनीचा पृष्ठभाग कोरडा राहत असल्याने उन्हात उडून जाणारे पाणी वाचते.

सांडपाण्याच्या वापरात मात्र एक धोका आहे, आणि तो परसबागेच्या प्रचारात पुरेसा सांगितला जात नाही. साबण व धुण्याच्या पावडरीतील सोडियम जमिनीत साचत गेला की चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटून पोकळ्या बुजतात, माती ओली असताना चिखल आणि वाळल्यावर दगड अशी होते, आणि दोन-तीन वर्षांत वाफा पाणीच पीत नाही. जिल्ह्यातील अनेक विहिरी-विंधन विहिरींचे पाणी मुळात जड, म्हणजे क्षारयुक्त, असल्याने हा परिणाम लवकर जाणवतो. त्यावर उपाय म्हणून धुण्याचे पाणी वेगळे काढून ते केळी-कर्दळीकडे सोडावे, वाफ्याला फक्त स्नानाचे व भाजी धुतल्याचे पाणी द्यावे, कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना सांडपाणी मुळीच देऊ नये आणि शेणखत भरपूर घालावे. पांढरीच्या चुनखडीयुक्त मातीत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तो पाण्याच्या कमतरतेमुळे पडतो असे समजून अधिक पाणी दिले जाते; प्रत्यक्षात मातीत लोह असूनही चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, आणि येथेही चांगले कुजलेले शेणखत हाच सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. न कुजलेले शेण घातल्यास हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण मिळते, म्हणून ‘कुजलेले’ या विशेषणावर भर द्यावा लागतो.

बागेच्या बहराचा काळ श्रावणापासून माघापर्यंतचा. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, कारले, भोपळा. दिवाळीनंतर मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत, वांगी, टोमॅटो, कोथिंबीर. या महिन्यांतील अडचण टंचाईची नसून विपुलतेची आहे: घरच्या वाफ्यात मेथी काढणीला येते तेव्हा बाजारातही ती स्वस्त असते, सगळ्या शेजाऱ्यांकडेही असते, आणि एकदम पेरलेली सगळी मेथी एकदम फुलावर येते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरणी करण्याचा साधा नियम पाळला तर या नुकसानाचा मोठा भाग टळतो. फाल्गुनात पारा 35 अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही उष्ण होऊ लागल्या की टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फुले गळतात, पालेभाज्या कडवट होऊन बियांवर जातात, आणि जुलै 2023 सारख्या वेळी टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेलेला असतानाच परसात काही नसते. बाजारातील महागाईचा काळ आणि परसातील टंचाईचा काळ बहुधा एकच असतो, हे परसबागेच्या बचतीविषयीच्या मोठमोठे दावे करणाऱ्यांनी विसरू नये.

जुन्या गृहिणींनी या पेचावर काढलेला तोडगा वाळवणाचा होता. गवारीच्या उकडून सुकवलेल्या शेंगा, कोहळ्याचे सांडगे, खारवलेल्या मिरच्या, सावलीत वाळवलेली मेथी आणि अंबाडी यांनी माघातील भाजी ज्येष्ठापर्यंत पोहोचवली जात असे, आणि ज्या कडक उन्हाने बाग जाळली तेच ऊन या कामी येई. वाळवण हा परसबागेचाच उत्तरार्ध आहे, त्याला स्वयंपाकघराचा विषय मानून बागेच्या अभ्यासातून वगळणे योग्य नाही, या भूमिकेतून पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याच कारणाने बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावल्यावर अनेक वर्षे टिकणाऱ्या, झाडांना येथे अग्रक्रम मिळाला आहे. शेवगा, हादगा, कढीपत्ता आणि लिंबू यांची मुळे भाज्यांपेक्षा खोल जातात, वाफ्यातील भाज्या संपल्यावरही ती काही ना काही देत राहतात, आणि शेवग्याचा पाला तर शेंगांइतकाच, किंबहुना अधिक, मोलाचा आहे.

किडी-रोगांचा तपशील त्या त्या पिकाच्या प्रकरणात येईल. एक उदाहरण मात्र येथेच नोंदवणे उचित आहे. पांढरी माशी भेंडीवर केवडा रोग आणते, त्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटते, आणि एकदा लागलेल्या या विषाणूरोगावर औषध नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1985 साली प्रसारित केलेले ‘परभणी क्रांती’ हे वाण रानभेंडीच्या संकरातून या रोगाची प्रतिकारशक्ती घेऊन आले, आणि ते सरळ वाण असल्याने घरच्या घरी बी धरता येते, जे संकरित पाकिटाच्या बाबतीत शक्य होत नाही. बी धरण्याची ही शक्ती परसबागेचा कणा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांच्या कामाला 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जे ज्ञान प्रत्येक गावातील चार-दोन आज्यांकडे उतरंडीत आणि राखेच्या मडक्यात पडून होते, त्याची सार्वजनिक नोंद झाली. बाकी मावा व तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, वेळेवर फवारले तर घरच्या बागेला बहुधा पुरेसे होते.

पोषणाच्या बाबतीत संयम आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील 68.9 टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली, आणि या आकड्यांचा आधार घेऊन पोषण परसबागांच्या मोहिमा आखल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले रोजचे किमान 400 ग्रॅम फळे-भाज्यांचे प्रमाण धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाकाठी सातशे किलोंहून अधिक फळे-भाज्या लागतात, आणि लहान परसबाग ही गरज एकटी भागवू शकत नाही. पालेभाजीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, जेवणावर लगेच घेतलेला चहा ते आणखी कमी करतो, तर पानात पिळलेले लिंबू ते वाढवते. शिवाय रक्तक्षयामागे जंत, वारंवारची बाळंतपणे, अपुरी डाळ अशी इतर कारणेही असतात. तरीही परसातील मूठभर ताजी भाजी ज्या घरात एरवी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ वरण यावर दिवस निघतो तेथे ताट बदलते, आणि ती बाजाराच्या दिवसाची वाट पाहत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले तेव्हा ज्या दारात दोडक्याचा वेल होता त्या घराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

‘उमेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांमार्फत पोषण परसबागांचा प्रसार केला, तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र मार्गदर्शनासाठी आहे, शाळांच्या आवारातही परसबागा झाल्या. हे सगळे स्वागतार्ह आहे. परंतु मोहिमेची पाहणी पावसाळ्यात होते, आणि हिरवी बाग पावसाळ्यात कोणाचीही दिसते. पाहणी वैशाखात व्हायला हवी. तसेच ही बाग जगवण्यासाठी लागणारे पाणी कोण वाहते, हा प्रश्न प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा, कारण ज्या स्त्रीचे दिवसाचे दोन तास हंडे भरण्यात जातात तिच्यावर पोषणाच्या नावाखाली आणखी चार हंडे लादणे हा तिच्यावरचा अन्यायच आहे. घरातील पुरुष आणि मुले पाण्याचा व कुंपणाचा वाटा उचलत नसतील, तर तेथे वाफा लहान करणे हेच प्रामाणिक मार्गदर्शन होय.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून असे मांडले की शेतकऱ्याने तज्ज्ञाच्या सांगण्यावर विसंबून न राहता स्वतः मोजावे, नोंदवावे आणि शेजाऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहावे. प्रस्तुत ग्रंथाची पद्धत तीच आहे, आणि म्हणून त्याची उपयुक्तता वाचकाच्या मोजण्यावर अवलंबून राहील. वाचकांनी पुढील प्रकरणांतील पिकांची निवड करण्यापूर्वी आपल्या घरातून उन्हाळ्यात रोज किती बादल्या सांडपाणी बाहेर पडते ते सलग आठवडाभर मोजावे, त्यातून धुण्याचे पाणी वगळावे, उरलेल्या लिटरांना नऊने भागावे, आणि जे उत्तर येईल तेवढ्याच चौरस मीटरचा वाफा प्रथम आखावा.